मे अखेरीस स्वित्झर्लंड गाडीने: नाशिकच्या एका कुटुंबासाठी मार्गाची आखणी

नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: 21 मेला सकाळी झुरिकला उतरायचं आणि 29 मेला तिथूनच परतायचं, म्हणजे आठ रात्री. बरोबर पत्नी, 9 आणि 4 वर्षांची मुलं आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील. गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची आहे. यादीत ल्युसर्न, टिटलिस, इंटरलाकेन, युंगफ्राउ, फुर्का पास, गॉटहार्ड, लुगानो, सेंट मॉरिट्झ, झरमॅट आणि जिनिव्हा. नकाशावर सगळं जोडलं तर तेराशे-चौदाशे किलोमीटर होतात, दिवसाला पावणेदोनशे. नाशिकहून गोवा आम्ही एका दिवसात गाठतो, तर हे जमायला काय हरकत आहे, असा त्यांचा प्रश्न आहे.

अंतराला काहीच हरकत नाही. अडचण आहे ती मे महिन्याची आणि मध्ये येणाऱ्या डोंगररांगांची. तुम्ही जो प्रश्न विचारलात तो 'किती किलोमीटर' असा आहे. खरा प्रश्न असा आहे की या दहा ठिकाणांमध्ये किती खिंडी ओलांडाव्या लागतात, आणि त्यातल्या किती त्या आठवड्यात उघड्या असतील.

मी गेली चौदा वर्षं थूनच्या तळ्याजवळ राहते आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांना गाडीचे मार्ग आखून देते. सुरुवात घरच्या पाहुण्यांपासून झाली, आता वर्षाला तीस-चाळीस कुटुंबं होतात. माझे वडील एसटीत चालक होते, महाड आगारात. वरंधा घाटातून भोरमार्गे पुण्याला जाणारी गाडी त्यांच्याकडे बरीच वर्षं होती. घाटाबद्दल मला जे मुळातून कळतं ते त्यांच्यामुळे. पण इथे आल्यावर पहिल्या दोन वर्षांत हेही कळलं की सह्याद्रीतला हिशेब आल्प्सला लागू पडत नाही.

तुम्ही नाशिकचे, म्हणून कसाऱ्याचंच उदाहरण घेते. मुंबईहून येताना कसारा घाट चढलात की इगतपुरी आली, पुढे घरापर्यंत सपाटी. आपले घाट बहुतेक असेच आहेत: कोकणातून देशावर चढणारा एक जिना, वर गेलं की संपला. आल्प्समध्ये वर पठार नसतं. चढायचं, माथ्यावर वीस मिनिटं थांबायचं आणि तितकंच पलीकडे उतरायचं, दुसऱ्या खोऱ्यात. तिथून पुढे जायचं तर पुन्हा दुसरी भिंत. आणि भिंतीही मोठ्या आहेत. इनर्टकिर्खेन हे गाव साधारण 625 मीटरवर आहे, तिथून निघणारा ग्रिम्सेल खिंडीचा रस्ता 2164 मीटरपर्यंत जातो. म्हणजे एका दमात पंधराशे मीटरची चढण, आणि माथा कळसूबाईच्या शिखरापेक्षा पाचशे मीटर वर.

त्यामुळे नकाशावर शेजारी दिसणारी गावं शेजारी नसतात. ग्रिंडेलवाल्ड आणि ऱ्होन खोऱ्यातलं फीश हे गाव, यांच्यात पक्ष्याच्या वाटेने पंचवीस-तीस किलोमीटर आहेत. मध्ये आयगर, युंगफ्राउ आणि आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी आहे. गाडीने जायचं तर ग्रिम्सेलवरून वळसा घालून शंभराहून जास्त किलोमीटर, तेही ग्रिम्सेल उघडा असेल तर.

आता तुमच्या यादीतली एकच उडी पाहू: सेंट मॉरिट्झहून झरमॅट. नकाशावर हे दोन ठिपके आहेत. प्रत्यक्षात आधी युलिअर, मग ओबरआल्प, मग फुर्का अशा तीन खिंडी. या दोन गावांच्या दरम्यान धावणारी ग्लेशियर एक्स्प्रेस ही प्रसिद्ध आगगाडी हेच अंतर कापायला सुमारे आठ तास घेते, आणि लोक ते आठ तास खिडकीशी बसून आनंदाने घालवतात. चालकाला खिडकी नसते. त्याला वळणं असतात, आणि मागे चार वर्षांचं मूल असतं.

आता मे महिन्याबद्दल. आपल्याकडे मुलांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये, म्हणून मराठी कुटुंबं नेमकी तेव्हा येतात, आणि मला येणाऱ्या दहांतल्या सहा प्रश्नांचं मूळ तिथे असतं. हवा छान असते, खोऱ्यांत फुलं असतात, धबधबे वितळत्या बर्फाने भरून वाहतात. लाउटरब्रुनेनचं खोरं मेअखेरीस जसं दिसतं तसं ऑगस्टमध्ये दिसत नाही. पण उंच खिंडींवर तेव्हा अजून काही मीटर बर्फ असतो. यंत्रांनी तो कापत रस्ता मोकळा करतात, वरच्या उतारांवरून हिमकडे कोसळण्याचा धोका टळला की मगच फाटक उघडतात. फुर्का (2429 मीटर), ग्रिम्सेल, सुस्टेन (2224 मीटर) आणि नुफेनेन (2478 मीटर) हे चार बहुतेक वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कधीतरी उघडतात. एखाद्या वर्षी मेअखेर, एखाद्या वर्षी त्याहून उशिरा. गॉटहार्डचा माथ्यावरचा रस्ता जरा आधी, साधारण मेच्या उत्तरार्धात. ऑक्टोबरमध्ये नवा बर्फ पडू लागला की पुन्हा बंद. पावसाळ्यात दरडींमुळे वरंधा बंद ठेवतात तसंच हे, फक्त इथे बंदीचा काळ सहा-सात महिन्यांचा.

म्हणून 21 ते 29 मेमध्ये फुर्का पासवर गाडी नेण्याचं मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही, आणि दुसरं कोणी देत असेल तर त्यावर हॉटेलं ठरवू नका. मी स्वतः पहिल्या वर्षी हे चुकले आहे. जूनचा पहिला आठवडा होता, पाहुण्यांसाठी एक रात्र अँडरमाटला आणि दुसरी फुर्काच्या पलीकडे ओबरवाल्डला ठरवलेली. खिंड उघडली नव्हती. नशिबाने रेआल्पहून ओबरवाल्डला मोटारी वाहून नेणारी आगगाडी आहे, तिच्यावर गाडी चढवून आम्ही 15 किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे पोहोचलो. पाहुण्यांनी ज्या नागमोडी रस्त्याची छायाचित्रं वर्षभर पाहिली होती, तो त्यांच्या डोक्यावर कुठेतरी बर्फाखाली राहिला. त्या दिवसापासून मार्ग आखताना मी प्रत्येक खिंडीशेजारी वहीत लिहिते: ही बंद असेल तर खालून काय आहे?

याचं उत्तर प्रत्येक खिंडीचं वेगळं आहे, आणि इथेच आखणीतला बराचसा शहाणपणा आहे. फुर्काखाली मोटारींची आगगाडी आहे, बाराही महिने. गॉटहार्डखाली 16.9 किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा आहे, 1980 पासून. सान बर्नार्दिनोखाली रस्त्याचा बोगदा. पूर्वेला फ्लुएलाऐवजी क्लोस्टर्सहून फेराइनाच्या बोगद्यातून आगगाडी. युलिअर, बर्निना, मालोया आणि सिम्प्लॉन हे उंच असूनही हिवाळ्यातसुद्धा चालू ठेवले जातात, एखादं वादळ आलं तर तेवढ्यापुरते बंद. पण ग्रिम्सेल, सुस्टेन आणि नुफेनेन यांच्याखाली काही नाही. ते बंद असले की वळसा, आणि वळसा म्हणजे अर्धा दिवस. जिथे खालून वाट आहे ती खिंड मे महिन्यातही आखणीत धरता येते, कारण दृश्य हुकलं तरी हॉटेल हुकत नाही. जिथे खालून काही नाही तिच्यावर मुक्काम कधीच अवलंबून ठेवायचा नाही.

गॉटहार्डच्या बोगद्याबद्दल एक इशारा. तो बारा महिने उघडा असला तरी सध्या एकच नळी आहे, जाण्यायेण्याची एकेक मार्गिका. दुसऱ्या नळीचं खोदकाम चालू आहे. ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी येणारा असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार या सुट्ट्या मे ते जूनच्या मध्यापर्यंत येतात, आणि अर्धा उत्तर युरोप तेव्हा दक्षिणेकडे सूर्य शोधायला निघतो. बोगद्याच्या तोंडाशी दहा-दहा किलोमीटरच्या रांगा लागतात. तुमच्या वर्षीच्या त्या तारखा आधी पाहा. तुमच्या आठवड्यात येत असतील तर त्या शुक्रवार-शनिवारी दक्षिणेला आणि सोमवारी उत्तरेला गॉटहार्डमधून जाऊ नका, एवढं एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

माझी आखणीची रीत सांगते. आधी ठिकाणांची यादी बाजूला ठेवायची आणि खोरी मोजायची. तुमच्या यादीत पाच वेगवेगळे मुलूख आहेत: ल्युसर्न आणि टिटलिसचा मध्य भाग, इंटरलाकेनभोवतीचा बर्नचा डोंगराळ प्रदेश, झरमॅटचं ऱ्होन खोरं, इटालियन बोलणारा लुगानोचा दक्षिण भाग आणि सेंट मॉरिट्झचं एंगाडिन. जिनिव्हा धरला तर सहा. आठ रात्रींत सहा मुलूख म्हणजे जवळजवळ रोज बॅगा बांधायच्या. माझा अनुभव असा की लहान मुलं आणि वडीलधारी माणसं बरोबर असतील तर मुख्य मुक्काम तीन रात्रींपेक्षा कमी पुरत नाही, आणि त्यात एक दिवस पावसाचा धरायचाच. डोंगरात सलग आठ दिवस निरभ्र मिळाले असं माझ्या चौदा वर्षांत मोजून तीनदा झालं आहे.

म्हणून लुगानो आणि सेंट मॉरिट्झ या खेपेला सोडा. मला माहीत आहे, यादीतलं नाव कापताना जिवावर येतं. पण ही दोन ठिकाणं काढली की उरलेला मार्ग एका वर्तुळात बसतो, आणि त्या वर्तुळात मे महिन्यात अडवणारी एकही खिंड राहत नाही.

ते वर्तुळ असं. झुरिकच्या विमानतळावरून गाडी घेऊन पहिल्या दिवशी फक्त ल्युसर्न, पासष्ट-सत्तर किलोमीटर, सगळा मोटरवे. रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसाने उलट बाजूच्या रस्त्यावर, डावीकडचं स्टिअरिंग धरून, याहून जास्त चालवू नये. एक रात्र तिथे. दुसऱ्या दिवशी ब्र्यूनिगवरून इंटरलाकेनच्या बाजूला. ब्र्यूनिग फक्त 1008 मीटर उंच आहे, बारमाही आणि रुंद, तुमचा हात बसायला यासारखा घाट नाही. चार रात्री ब्रिएन्झ, इंटरलाकेन किंवा स्पिएझ यांपैकी एका ठिकाणी. मला स्वतःला स्पिएझ आवडतं, कारण पुढच्या टप्प्याचं तोंड तिथेच आहे आणि तळ्याकाठी आजी-आजोबांना संध्याकाळी फिरायला सपाट वाट आहे.

सहाव्या दिवशी स्पिएझहून कांडरश्टेग, आणि तिथून लोएचबर्गच्या बोगद्यातून मोटारींच्या आगगाडीने गोप्पेनश्टाइन. गाडीतून उतरायचंसुद्धा नाही. हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं आणि पंधरा मिनिटं अंधारात बसायचं. मुलांना ही पंधरा मिनिटं सबंध सहलीतली सगळ्यांत लक्षात राहणारी ठरतात, असं मी कितीतरी घरांतून ऐकलं आहे. एका फटक्यात तुम्ही बर्नचे डोंगर ओलांडून ऱ्होन खोऱ्यात. दोन रात्री तिथे, फिस्पजवळ किंवा टेशला. आठव्या दिवशी खोऱ्यातूनच, नदीच्या बाजूने, सीआँ, मार्टिनीवरून माँट्रो. साधारण 120 किलोमीटर, बहुतेक मोटरवे, वाटेत द्राक्षमळे. शियाँचा तळ्यातला किल्ला दुपारी पाहून शेवटची रात्र माँट्रो ते बर्नच्या मध्ये कुठेतरी. जिनिव्हा शहर वगळा, तळं मात्र मिळालंच. शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचं असेल तर हे जमतं, कारण माँट्रोहून झुरिक विमानतळ सव्वादोनशे किलोमीटर आहे. विमान सकाळचं असेल तर ऱ्होन खोऱ्यातली एक रात्र कमी करून शेवटची रात्र झुरिकजवळच घ्यावी लागेल.

आता मधल्या चार रात्रींत गाडीचं काय करायचं? बरेचसे दिवस ती उभी करायची. हे ऐकून लोक नाराज होतात, पण इथल्या नामांकित जागांपैकी कितीतरी गाडीच्या आवाक्याबाहेरच आहेत. युंगफ्राउयोखचं स्थानक 3454 मीटरवर, तिथे 1912 पासून आगगाडीच जाते. गाडी ग्रिंडेलवाल्डच्या टर्मिनलला किंवा लाउटरब्रुनेनला ठेवायची. वेंगेन आणि म्युरेन या गावांत मोटार चालत नाही. झरमॅटलाही नाही: टेशला मोठं छताखालचं वाहनतळ आहे, तिथून बारा मिनिटांची आगगाडी. टिटलिसच्या पायथ्याचं एंगेलबर्ग हे एकच तोंड असलेल्या खोऱ्यात आहे, ज्या रस्त्याने आत गेलात त्यानेच बाहेर यायचं. अशा खोऱ्यांना मी आखणीत 'पिशवी' म्हणते. लाउटरब्रुनेन पिशवी, एंगेलबर्ग पिशवी, झरमॅटचं खोरं पिशवी. वाटेत जाता जाता पाहू, असं त्यांच्या बाबतीत होत नाही. प्रत्येकीला वेगळा दिवस द्यावा लागतो.

टिटलिस, युंगफ्राउ आणि झरमॅटचं गोर्नरग्राट, ही तिन्ही तीन हजार मीटरच्या वरची. तिन्ही करू नका. आई-वडिलांच्या दृष्टीने माझं मत गोर्नरग्राटला आहे. 3089 मीटर, 1898 पासून चालणारी, दातेरी रुळाला धरून चढणारी आगगाडी, खिडकीतून मॅटरहॉर्न दिसत दिसत वर, आणि नाही सोसलं तर पुढच्या गाडीने खाली. युंगफ्राउयोखला तुम्ही दोन-तीन तासांत साडेतीन हजार मीटरजवळ पोहोचता, वर बोगद्यांतून चालणं आणि जिने असतात. आईंना किंवा वडिलांना हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना नेमकी उंची सांगून विचारा. डॉक्टरांनी हो म्हटलं तर मात्र जा, हवा स्वच्छ असेल तेव्हा त्या हिमनदीसारखं दुसरं दृश्य नाही. तिकीट मात्र आदल्या संध्याकाळी हवामान पाहून काढा, महिनाभर आधी नव्हे.

मग तुमच्या मनातला फुर्का? त्यासाठी मी चार रात्रींमधला एक दिवस राखून ठेवते. या भागातला उत्तम घाटाचा दिवस म्हणजे ग्रिम्सेल, फुर्का आणि सुस्टेन यांची फेरी: इनर्टकिर्खेनहून निघून तिथेच परत, सुमारे सव्वाशे किलोमीटर. हॉटेल बदलायचं नाही, बॅगा नाहीत, आणि तिन्ही खिंडी उघड्या नसतील तर काहीच बिघडत नाही. त्या दिवशी मायरिंगेनजवळची आरे नदीची घळ पाहायची किंवा तळ्यातल्या बोटीत बसायचं. दोन उघड्या असून एक बंद असेल तर उघडीच्या माथ्यापर्यंत जाऊन परत फिरायचं, त्यातही कमीपणा काही नाही.

फेरी जमलीच तर दिशा महत्त्वाची. मी आधी ग्रिम्सेल घेते, मग फुर्का, शेवटी सुस्टेन. कारण फुर्काची अँडरमाटकडची बाजू तिन्हींमध्ये सर्वांत अरुंद आहे, काही ठिकाणी कडेला सलग कठडा नाही, नुसते दगडी खांब आहेत. तिथे तुमचा हात ताजा हवा, आणि ग्रिम्सेलवर तो बसलेला असतो. सुस्टेनचा रस्ता मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला, मोटारींसाठीच आखलेला, वळणं मोकळी आणि चढ सौम्य. दमलेल्या चालकाला दुपारी चार वाजता असाच रस्ता हवा. फुर्काच्या वळणावर ऱ्होनची हिमनदी दिसते. तिच्या कडेला बर्फ वितळू नये म्हणून उन्हाळ्यात पांढरी कापडं घातलेली असतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून ती बरीच मागे सरकली आहे, आणि दर वर्षी पाहताना घशात काहीतरी अडकतं. मुलांना दाखवा. आणि ही फेरी मंगळवार ते गुरुवारात करा, शनिवार-रविवारी मोटरसायकलींची रांग लागते.

वेळेचा हिशेब मी असा धरते: मोटरवेवर तासाला 90, खोऱ्यातल्या रस्त्यांवर 55 ते 60, घाटात 35. नकाशा सांगतो त्या वेळेची दीडपट. मुलं बरोबर असतील तर नकाशावर तीन तासांपेक्षा जास्त दिसणारा दिवस मी कोणाला देत नाही. वेग वाढवून वेळ भरून काढायचा विचार मनातून काढून टाका. मर्यादा मोटरवेवर 120, गावाबाहेर 80, गावात 50, कॅमेरे जागोजाग, आणि दंड भाडेकंपनीमार्फत तुमच्या नाशिकच्या पत्त्यावर येतो. कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारी उपकरणं आणि ॲप वापरायलाही इथे कायद्याने बंदी आहे.

घाटात चालवण्याबद्दल वडिलांचं एकच सूत्र सांगते, ते इथेही तसंच लागू पडतं: ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. पंधराशे मीटर उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून ढिले पडतात, जळका वास येतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर हाताने खालचा गिअर लावायची सोय कुठे आहे ते विमानतळाच्या वाहनतळातच शोधून ठेवा. अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलात आणि दोघं मावत नसाल तर मागे घ्यायचं उतरणाऱ्याने, बाजूला घेण्याची रुंद जागा चढणाऱ्याला स्पष्टपणे अधिक जवळ असेल तर तेवढा अपवाद. चढणाऱ्याला आधी वाट, हे आपल्याकडेही आहेच. निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की तो टपालबसचा डोंगरी रस्ता. तिथे पिवळ्या बसला प्राधान्य, आणि बसचालक हाताने जे सांगेल ते ऐकायचं. आंधळ्या वळणाआधी तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू आला तर अलीकडेच रुंद जागा बघून थांबा. माझ्या वडिलांना ती बस फार आवडली होती. एसटीला कोणी असा मान दिला असता तर, एवढंच म्हणाले होते.

गाडी कोणती? तुम्ही सहा जण. सात आसनी गाडीची शेवटची रांग उघडली की सहा जणांच्या बॅगा कुठे ठेवायच्या हा प्रश्न उरतोच. नऊ आसनी व्हॅन साध्या परवान्यावर चालते आणि आजी-आजोबांना चढायला सोपी पडते, पण बऱ्याच भूमिगत वाहनतळांत उंचीची मर्यादा दोन मीटरच्या आसपास असते, ती पाटी बघूनच आत शिरा. तुम्ही आणि पत्नी दोघंही चालवत असाल तर दोन लहान गाड्या हाही चांगला पर्याय आहे, घाटात लहान गाडी सुखाची. व्हॅन घेतलीत तर मागची रांग मुलांना देऊ नका. ज्याला गाडी लागते त्याने पुढे किंवा मधल्या रांगेत बसावं, नजर रस्त्यावर ठेवावी, आणि घाटाआधी पोटभर न्याहारी टाळावी. बारा वर्षांखालच्या, दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य आसन सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्या दोघांनाही. ती आसनं गाडीबरोबरच नोंदवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय परवाना नाशिकच्या आरटीओतून काढून घ्या, मूळ परवानाही बरोबर हवा. मोटरवेचा वार्षिक कर 40 फ्रँक आहे. स्विस नंबरच्या भाड्याच्या गाडीवर तो बहुधा भरलेला असतो, तरी ताब्यात घेताना विचारा. गाडीत बसलं की दिवे लावा, दिवसासुद्धा, तो नियम आहे. गावात निळ्या पट्ट्यांची जागा म्हणजे पोहोचल्याची वेळ दाखवणारी चकती काचेमागे ठेवून ठरावीक वेळ फुकट, पांढऱ्या पट्ट्यांवर बहुतेक पैसे, पिवळ्या पट्ट्या खाजगी.

तर तुमच्यासाठी आखणी अशी झाली: ल्युसर्न एक रात्र, स्पिएझ किंवा इंटरलाकेन चार, ऱ्होन खोरं दोन, परतीच्या वाटेवर एक. फुर्का हा राखीव दिवस. हे सगळं 21 मेच्या तारखेवर अवलंबून आहे. तुमच्या मुलांची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होत असेल आणि तिकिटं अजून काढली नसतील तर सहल पंधरा दिवस पुढे ढकलून 5 जूनच्या आसपास निघालात तर खिंडी उघड्या मिळण्याची शक्यता बरीच वाढते. खात्री तेव्हाही नाही. आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न नसता, दोघंच असतात, तर मी तुम्हाला सरळ सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सांगितला असता.

राखीव दिवस कसा ठरवायचा ते शेवटी सांगते. आदल्या संध्याकाळी खिंडींची अधिकृत स्थिती आणि माथ्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहा, ते संकेतस्थळ उघडून बसायला पाच मिनिटं लागतात. सकाळी खालच्या गावात, घाटाच्या सुरुवातीला, प्रत्येक खिंडीचं नाव लिहिलेली मोठी पाटी असते. जर्मन भागात 'ऑफन' म्हणजे उघडी, 'गेश्लोसेन' म्हणजे बंद. फ्रेंच भागात 'ऊव्हेर' आणि 'फेर्मे'. इनर्टकिर्खेनची पाटी मायरिंगेनकडून येताना दिसते. साडेआठच्या आत तिथे पोहोचा, टाकी आदल्या दिवशीच भरलेली असू द्या, आणि गरम कपडे डिकीत नव्हे तर मांडीशी ठेवा, कारण खाली 22 अंश असताना माथ्यावर पाच असू शकतात आणि आजोबांना गाडीबाहेर उतरून पाहायचं असतंच.